सखाराम पंडितांचं नागरिकत्व का वाचलं?

आत्याचा शपथविधी सकाळी नऊला होता आणि आम्ही साडेसातलाच पार्किंगमध्ये जाऊन बसलो होतो. तिच्या मांडीवर प्लास्टिकचं फोल्डर होतं. त्यात बोलावण्याचं पत्र, ग्रीन कार्ड, भारताचा पासपोर्ट, आणि कुणी मागणार नाही हे माहीत असूनही लग्नाचा दाखला. पत्रासोबत एक प्रश्नावली असते, ती तिने घरीच भरली होती. मुलाखत झाल्यापासून आजपर्यंत लग्न केलंत का, घटस्फोट झाला का, देशाबाहेर गेलात का, अटक झाली का? आत्याला पुन्हापुन्हा वाटत होतं की ऑगस्टमधली दोन दिवसांची कॅनडा ट्रिप आपण नीट लिहिली आहे ना.

आत गेल्यावर पहिल्यांदा ग्रीन कार्ड काढून घेतलं. मग शपथ, मग रांगेने सर्टिफिकेट. "सही करण्याआधी नावाचं स्पेलिंग बघा" असं तिथल्या बाईंनी तीनदा सांगितलं. बाहेर आल्यावर आत्या म्हणाली, "चला, झालं एकदाचं. आता हे काही कुणी परत घेत नाही."

मी हो म्हटलं. प्रसंगच तसा होता. पण तुम्हाला खरं सांगते, गेली तीन वर्षं मी ज्या लोकांचे अर्ज आणि कोर्टाचे निकाल वाचतेय, त्यांनी हेच वाक्य आपापल्या घरी म्हटलं असणार. १९१० च्या दशकात अमेरिकेचे नागरिक झालेले हिंदुस्थानी लोक, हा माझ्या प्रबंधाचा विषय. आज त्यातली एकच गोष्ट सांगायची आहे: शेवटच्या सुनावणीत काय होत असे, आणि तिथे घडलेल्या एका अप्रिय प्रसंगाचा एका माणसाला पुढे कसा उपयोग झाला.

आधी ती प्रक्रिया समजून घेऊ, कारण आजच्यापेक्षा ती वेगळी होती. १९०६ च्या कायद्याने अमेरिकेत नागरिकत्वाची पद्धत पहिल्यांदा एकसारखी झाली. त्याआधी प्रत्येक कोर्टाचा आपापला फॉर्म आणि आपापली तऱ्हा, आणि निवडणुकीच्या तोंडावर मतदार 'तयार' करण्याचा धंदा जोरात चाले. नव्या कायद्यात म्हणूनच एक मजेशीर अट आली: सार्वत्रिक निवडणुकीच्या आधीच्या तीस दिवसांत कुणालाही नागरिक करायचं नाही.

पहिली पायरी म्हणजे 'इरादा' जाहीर करण्याचा कागद. लोक त्याला 'फर्स्ट पेपर' म्हणत. त्यानंतर किमान दोन वर्षं थांबायचं. मग मुख्य अर्ज, आणि अर्जासोबत दोन साक्षीदार. दोघेही नागरिक हवेत. हा माणूस पाच वर्षं इथे राहतोय, वर्तन चांगलं आहे, राज्यघटनेची तत्त्वं मानतो, हे त्यांनी शपथेवर सांगायचं. अर्जदाराचं नाव कोर्टाच्या कारकुनाच्या कचेरीत सगळ्यांना दिसेल असं नव्वद दिवस लावून ठेवायचं. कुणाला काही म्हणायचं असेल तर म्हणा! आपल्याकडे रजिस्टर लग्नाची नोटीस लागते ना, साधारण तसंच. फी एकूण पाच डॉलर.

मग अंतिम सुनावणी. इथे समारंभ वगैरे काही नसे. रोजच्या कामकाजात, इतर खटल्यांच्या मध्ये, न्यायाधीश अर्जदाराला आणि साक्षीदारांना प्रश्न विचारत. समाधान झालं की तिथेच शपथ. शपथेत नुसतं 'परकीय राजाशी निष्ठा सोडतो' म्हणून भागत नसे, ज्याचे तुम्ही प्रजाजन त्या राजाचं नाव घ्यावं लागे. हिंदुस्थानातून आलेला माणूस भर कोर्टात पाचव्या जॉर्जचं नाव घेऊन त्याची निष्ठा सोडत असे, आणि तेही कायदेशीररीत्या. त्या काळात मुंबईत किंवा पुण्यात हे वाक्य कुणी जाहीरपणे उच्चारलं असतं तर काय झालं असतं, याची कल्पना तुम्हीच करा.

सुनावणी उघड्या कोर्टातच व्हायला हवी, यावर कायदा फार कडक होता. १९१७ मध्ये गिन्सबर्ग नावाच्या माणसाचा खटला सुप्रीम कोर्टात गेला. त्याची सुनावणी न्यायाधीशांनी कोर्टरूमला लागून असलेल्या आपल्या खोलीत घेतली होती. सुप्रीम कोर्ट म्हणालं, हे उघडं कोर्ट नव्हे. दोन खोल्यांमध्ये एक दार, पण त्या दाराच्या कुठल्या बाजूला तुम्ही शपथ घेतली याला महत्त्व होतं.

आता मुख्य अडचण. १७९० पासून कायदा सांगत होता की नागरिक होण्याचा हक्क 'मुक्त गोऱ्या व्यक्तीं'ना आहे. १८७० मध्ये त्यात आफ्रिकी वंशाच्या लोकांची भर पडली. मधल्या सगळ्यांचं काय? 'गोरा' म्हणजे कोण हे कायद्यात कुठेच लिहिलेलं नव्हतं. त्यामुळे तो निर्णय त्या दिवशी समोर बसलेल्या न्यायाधीशावर येऊन पडे.

जॉर्जियातल्या सव्हाना शहरात अब्बा डोला नावाच्या व्यापाऱ्याचा अर्ज होता. जन्म कलकत्त्याचा, घराणं अफगाण. न्यायाधीशांनी त्याला कोटाची आणि शर्टाची बाही वर करायला सांगितली. उन्हात न गेलेली कातडी हातापेक्षा बरीच उजळ आहे आणि खालच्या निळ्या शिरा दिसताहेत, याची नोंद कोर्टाच्या कागदात आहे. गोऱ्यांच्या दफनभूमीत त्याने जागा घेतली आहे, हाही पुरावा मांडला गेला. तो नागरिक झाला. सरकारचं अपील १९१० मध्ये फेटाळलं गेलं, तेही तांत्रिक कारणावरून.

त्याच सुमारास न्यूयॉर्कमध्ये भिकाजी बलसारा हे मुंबईचे पारशी गृहस्थ उभे होते. टाटांच्या कंपनीसाठी कापसाची खरेदी करणारे. न्यायाधीश लॅकोम्ब यांचं मत असं की माणूस सज्जन आणि बुद्धिमान आहे, त्याला नागरिकत्व देतो, पण सरकारने अपील करावं म्हणजे वरच्या कोर्टाकडून एकदाचा खुलासा होईल! वरच्या कोर्टाने १९१० मध्ये बलसारांच्या बाजूने निकाल दिला. पारशी पूर्वी इराणातून आले म्हणून ते गोरे, असा साधारण सूर. मग बाकीच्या हिंदुस्थानी लोकांचं काय, हा प्रश्न तसाच राहिला.

याच काळात सखाराम गणेश पंडित लॉस एंजेलिसमध्ये अर्ज घेऊन उभे राहिले. नाव वाचून तुम्हाला वाटेल, आपलाच माणूस. मलाही पहिल्यांदा यादीत ते नाव दिसलं तेव्हा उगाच उचंबळून आलं होतं. जन्म मात्र अहमदाबादचा, १८७५ चा. १९१४ मध्ये तिथल्या सुपीरियर कोर्टात त्यांची अंतिम सुनावणी झाली आणि सरकारतर्फे आक्षेप आला: हा माणूस कायद्याच्या अर्थाने गोरा नाही. त्यावर वाद झाला. कोर्टाने दोन्ही बाजू ऐकल्या आणि पंडितांच्या बाजूने निकाल दिला. शपथ झाली, सर्टिफिकेट मिळालं.

हा आक्षेप लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचं आहे. आत्ता एवढंच बघा की त्या क्षणी तो किती अपमानास्पद वाटला असेल. शेजारी साक्षीदार उभे आहेत, मागच्या बाकांवर अनोळखी माणसं बसली आहेत, आणि एक सरकारी अधिकारी उठून तुमच्या कातडीबद्दल युक्तिवाद करतो आहे.

पंडित पुढे वकील झाले. आपल्या देशबांधवांच्या नागरिकत्वाच्या केसेसही त्यांनी लढवल्या.

मग आला भगतसिंग थिंद यांचा खटला. थिंद पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात होते. डिसेंबर १९१८ मध्ये गणवेशातच त्यांना वॉशिंग्टन राज्यात नागरिकत्व मिळालं आणि चार दिवसांत गेलं. कारण तेच, गोरे नाहीत. मग शेजारच्या ऑरेगनमध्ये पुन्हा अर्ज, सरकारचा पुन्हा विरोध, तरी १९२० मध्ये पुन्हा नागरिकत्व. या वेळी सरकार वर गेलं आणि १९ फेब्रुवारी १९२३ ला सुप्रीम कोर्टाने एकमताने निकाल दिला की हिंदुस्थानी माणूस 'गोरी व्यक्ती' नाही.

निकाल लिहिला न्यायमूर्ती जॉर्ज सदरलँड यांनी. त्यांचा स्वतःचा जन्म इंग्लंडचा, म्हणजे तेही बाहेरून आलेले. तीनच महिने आधी, ताकाओ ओझावा या जपानी गृहस्थाच्या खटल्यात, याच सदरलँड यांनी लिहिलं होतं की गोरा म्हणजे कॉकेशियन. थिंद त्यावर म्हणाले, ठीक, त्या वेळचं मानववंशशास्त्र आम्हाला कॉकेशियनच म्हणतं. त्यावर कोर्टाचं उत्तर असं की शास्त्राचं राहू द्या, सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तो गोरा. मी हे दोन निकाल पाठोपाठ वाचले तेव्हा पहिल्यांदा वाटलं की आपलंच काहीतरी वाचायचं राहिलंय.

या निकालाने नवीन अर्ज थांबले, पण गोष्ट तिथे संपली नाही. सरकारने जुन्या फाइली उघडल्या. १९०६ च्या कायद्यातच तरतूद होती: फसवणुकीने किंवा 'बेकायदेशीरपणे' मिळवलेलं सर्टिफिकेट रद्द करता येतं. थिंदच्या निकालानुसार हे लोक कधीच पात्र नव्हते, म्हणजे त्यांची सर्टिफिकिटं मुळातच बेकायदेशीर, असा तर्क. कुणीही खोटं बोललेलं नव्हतं. साक्षीदार खरे होते, नव्वद दिवस नोटीस लागलेली होती, शपथ न्यायाधीशाने दिलेली होती. तरीही एकामागून एक खटले दाखल झाले.

इथे तुम्ही विचाराल, कोर्टाने एकदा दिलेला निकाल असा कसा काढून घेता येतो? वर अपील नाही, मुदत नाही, काहीच नाही? याचं उत्तर १९१२ च्या योहानेसन खटल्यात आहे. नॉर्वेहून आलेल्या या माणसाला १८९२ मध्ये खोट्या साक्षींवर नागरिकत्व मिळालं होतं. सुप्रीम कोर्ट म्हणालं, त्या सुनावणीत समोर प्रतिपक्षच नव्हता. अर्जदार आला, साक्षीदार आले, न्यायाधीशांनी मान डोलावली. जिथे वाद झालाच नाही, तिथला निकाल सरकारवर बंधनकारक कसा?

त्याची चाल फसवणुकीची होती, हिंदुस्थानी अर्जदारांची नव्हती. पण तर्क तोच वापरला गेला. तुमची अंतिम सुनावणी जितकी सुरळीत, बिनविरोध झाली असेल, तितकं तुमच्या हातातलं सर्टिफिकेट कच्चं.

याची किंमत काय होती ते वैष्णोदास बगाई यांच्या बाबतीत दिसतं. पेशावरचे. १९१५ मध्ये पत्नी कला आणि तीन मुलांना घेऊन सॅन फ्रान्सिस्कोला आले, दुकान काढलं, १९२१ मध्ये नागरिक झाले. थिंद निकालानंतर ते सगळं गेलं. कॅलिफोर्नियाच्या जमीन कायद्यानुसार नागरिक होण्यास 'अपात्र' परकीयाला मालमत्ता ठेवता येत नव्हती, दुकानही हातचं गेलं. १९२८ मध्ये त्यांना हिंदुस्थानात नातेवाइकांना भेटायला जायचं होतं. अमेरिकेने पासपोर्ट नाकारला आणि सुचवलं, ब्रिटिश पासपोर्ट घ्या. ज्या राजाचं नाव घेऊन भर कोर्टात निष्ठा सोडली, त्याच्याच दारी परत जा! आणि तिकडचा कायदा असा की दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वेच्छेने घेतलं की ब्रिटिश प्रजाजन हा दर्जा संपतो. ना इकडचे, ना तिकडचे. त्याच वर्षी बगाईंनी आत्महत्या केली. जाण्यापूर्वी त्यांनी वर्तमानपत्राला पत्र लिहून कारण सांगितलं होतं.

पंडितांवरही रद्दीकरणाचा दावा झाला. या माणसाकडे मात्र दोन गोष्टी होत्या: वकिली, आणि १९१४ चा तो आक्षेप.

त्यांनी कोर्टाला सांगितलं की तुमच्या निकालावर विश्वास ठेवून मी माझं आयुष्य उभं केलं आहे. हिंदुस्थानातले वारसाहक्क सोडले, इथे घर केलं, वकिली उभी केली. अमेरिकन स्त्रीशी लग्न केलं. १९२२ च्या कायद्याप्रमाणे नागरिकत्वाला 'अपात्र' माणसाशी लग्न करणारी अमेरिकन स्त्री स्वतःचंही नागरिकत्व गमावत असे, म्हणजे माझं गेलं तर तिच्यावरही संकट. आणि मुख्य मुद्दा: मी गोरा आहे की नाही, हा प्रश्न १९१४ मध्ये तुम्हीच काढलात. तुम्ही कोर्टात आलात, वाद घातलात, हरलात. तोच वाद पुन्हा कसा घालता?

वकिलांच्या भाषेत याला 'रेस ज्युडिकाटा' म्हणतात. दोन पक्षांमध्ये एकदा लढून निकाली निघालेला मुद्दा पुन्हा उकरता येत नाही. खालच्या कोर्टाने पंडितांची बाजू मान्य केली. १९२६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या नवव्या सर्किट अपील कोर्टाने तो निकाल कायम केला. योहानेसनच्या वेळी सरकार समोर नव्हतं, पंडितांच्या वेळी होतं, हा फरक तिथे निर्णायक ठरला. १९२७ मध्ये सुप्रीम कोर्टाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला. त्यानंतर सरकारने हिंदुस्थानी लोकांवरचे उरलेले खटले सोडून दिले.

म्हणजे ज्या क्षणी पंडितांना सगळ्यात जास्त भीती वाटली असेल, त्याच क्षणाने त्यांना वाचवलं. तो सरकारी माणूस त्या दिवशी गप्प बसला असता, तर पंडितांचा सगळ्यात मजबूत मुद्दा राहिला नसता.

यावर सावध वाचक विचारेल, आणि माझ्या गाइडनेही हेच विचारलं: थिंदच्या दुसऱ्या सुनावणीतही आक्षेप होता, मग ते का हरले? कारण तिथे सरकार थांबलं नाही, तोच वाद लगेच पुढे घेऊन गेलं. पंडितांच्या बाबतीत १९१४ चा निकाल तसाच राहू दिला गेला आणि मध्ये जवळजवळ दहा वर्षं गेली. त्यामुळे 'आक्षेप आला की वाचलात' असा नियम मी काढत नाही. पण माझी वाचायची सवय मात्र बदलली. सुरुवातीला मी निकालांच्या दोन याद्या केल्या होत्या: बिनविरोध मंजूर आणि वाद होऊन मंजूर. पहिल्या यादीतल्यांना मी सुखी समजत होते. आता ती यादी परत उघडते तेव्हा प्रत्येक नावापुढे आधी १९२३ नंतरची नोंद शोधते.

थिंद १९३६ मध्ये तिसऱ्यांदा नागरिक झाले. आदल्या वर्षी महायुद्धातल्या सैनिकांसाठी वेगळा कायदा झाला होता, म्हणून. बाकीच्यांसाठी दार उघडलं २ जुलै १९४६ ला, ल्यूस-सेलर कायद्याने. वर्षाला शंभर हिंदुस्थान्यांना प्रवेश आणि आधीपासून राहणाऱ्यांना नागरिक होण्याची मुभा. दलीपसिंग सौंद १९४९ च्या डिसेंबरात नागरिक झाले आणि पुढच्याच वर्षी वेस्टमोरलंड या छोट्या गावात न्यायाधीशपदाची निवडणूक जिंकले. पद मिळालं नाही, कारण निवडणुकीच्या दिवशी त्यांच्या नागरिकत्वाला पूर्ण वर्ष झालेलं नव्हतं. काही आठवडे कमी पडले! १९५२ मध्ये ते पुन्हा उभे राहिले, जिंकले, आणि १९५६ मध्ये तर काँग्रेसवर निवडून गेले.

हे सगळं मी आत्याला त्या दिवशी सांगितलं नाही. आठवडाभराने ती भारताचा पासपोर्ट रद्द करायचा अर्ज भरत बसली होती, तेव्हा विषय निघाला. १९५५ च्या आपल्या कायद्याप्रमाणे दुसरं नागरिकत्व घेतलं की भारताचं आपोआप जातं, पासपोर्ट जमा करणं हा नंतरचा सोपस्कार. म्हणजे ती शपथ घेऊन, स्पेलिंग तपासून, पार्किंगमध्ये माझ्याबरोबर सेल्फी काढत होती तेव्हाच ते गेलेलं होतं. तिने थोडा विचार केला आणि विचारलं, "आणि त्या पंडितांचं? इकडचं गेलं असतं तर तिकडचं परत मिळालं असतं का गं?"

नसतं मिळालं, मी म्हटलं. तिने फॉर्म बाजूला ठेवला, सर्टिफिकेट फोल्डरमधून काढून कपाटातल्या स्टीलच्या डब्यात ठेवलं, आणि मग परत येऊन राहिलेले रकाने भरायला बसली.